परिसरातील मृत्यू: शून्य

ऑफिसात मला तोंडावर 'मॅडम' म्हणायचे आणि पाठीमागे 'त्रुटीबाई'. अनुदान शाखेत एकतीस वर्षं मी अर्ज तपासले. बिनचूक असे मला मोजून चार सापडले, आणि त्यातल्या एकावर शिक्का उलटा होता. ही बाई स्वतःच्या लग्नपत्रिकेतही त्रुटी काढील, असं शिपाई म्हणायचा. ती पत्रिका छापायची वेळच आली नाही, त्यामुळे त्याचं खरं-खोटं झालं नाही.

निवृत्त झाल्यावर खात्याने मला परत बोलावलं. लहान संस्था जिवाचं रान करून काम करतात, पण त्यांना अर्ज भरता येत नाही म्हणून सरकारी निधी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, हे वरच्यांच्या अखेर ध्यानात आलं होतं. मग सार्वजनिक वाचनालयाच्या कोपऱ्यात 'अर्ज साहाय्य कक्ष' उघडला. कक्ष कसला, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा. पंख्याचा वारा माणसांना लागत नसे, कागद मात्र उडत. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे बसायची. जन्मभर अर्ज परत पाठवणाऱ्या बाईने आता ते भरून द्यायचे, म्हणजे खात्यात कुणाला तरी विनोदबुद्धी होती म्हणायची.

त्या मंगळवारी समोर एक बाई येऊन बसली. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, कुर्त्याच्या कडेला दोन टाचण्या टोचलेल्या. बस डेपोच्या मागे तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. दुकानाच्या मागच्या खोलीत ती आणि आजूबाजूची सहा-सात माणसं मिळून दुसरंच एक काम करत होती. नशेच्या गोळ्यांचा डोस जास्त झाला की माणसाचा श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात आणि बघता बघता माणूस जातो. अशा वेळी नाकात एक फवारा मारला तर तो परत येतो. हे फवारे ही मंडळी बाळगत, लोकांना मारायला शिकवत, आणि बोलावणं आलं की हातातलं काम टाकून धावत.

"मॅडम, चारच फवारे उरलेत," ती म्हणाली. "त्यांचीही मुदत या महिन्याअखेर संपते. आतापर्यंत आम्ही वर्गणी काढून आणले, पण आता लोकांकडे तरी किती वेळा जायचं? नवीन सरकारी निधी निघालाय म्हणे ह्याच कामासाठी. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज द्यायचाय."

"याआधी कधी केला होता अर्ज?"

"केला होता की. परत आला."

तिने पिशवीतून जुनी फाइल काढली. अर्ज कसा भरला होता ते काय सांगू! गिचमिड अक्षर, अर्धे रकाने कोरे, जोडपत्रांचा पत्ता नाही. पण एक रकाना मात्र ठसठशीत भरला होता. 'गेल्या वर्षभरात परिसरात अतिमात्रेने झालेले मृत्यू.' समोर लिहिलं होतं 'शून्य', आणि त्याखाली दोन रेघा.

"हे कशाला अधोरेखित केलंत?"

"अहो, अभिमानाने! त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गल्लीत नऊ जण गेले होते. माझा मुलगा त्यातलाच." तिने टाचणी काढून परत टोचली. "आम्ही काम सुरू केलं आणि त्या वर्षी एकही नाही. म्हटलं, सरकारला कळू दे."

त्या 'शून्य'च्या बाजूला लाल शाईत शेरा होता. 'परिसरात मृत्यू नाहीत. सबब गरज सिद्ध होत नाही. अर्ज परत.' खाली एक छोटी सही.

सही माझी होती.

मला आठवला नाही तो अर्ज, हे सगळ्यात वाईट. आठवला असता तर निदान म्हणता आलं असतं की काळजावर दगड ठेवून परत पाठवला. तसलं काही नाही. दुपारच्या चहाआधी उरकलेल्या पंधरा-वीस अर्जांतला तो एक असणार. नियम होता, मृत्यू असतील तिथे निधी. ज्यांनी मृत्यू होऊ दिले नाहीत त्यांच्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता, आणि मला तो कधी हवा आहे असं वाटलंही नाही.

"हा शेरा माझा आहे," मी म्हटलं.

"हो का?" ती म्हणाली. तेवढंच. मग पुढे सरकून तिने विचारलं, "आता तो रकाना कसा भरायचा, ते सांगा."

शुक्रवारी कक्षात न बसता अकराला मी तिच्या दुकानात गेले. पुरावा हवा होता. 'आम्ही माणसं वाचवली' हे नुसतं म्हणून भागत नाही, किती, कधी, कुठे हे दाखवावं लागतं. आणि हिने तर सगळ्यांना शब्द दिलेला, की नाव-गाव काही लिहून घेणार नाही. नाव विचारलं की माणसं बोलावतच नाहीत, घाबरतात. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा शून्य.

मागच्या खोलीत मशीनवर एका कोटाचा अर्धी बाही लावलेला सांगाडा होता. भिंतीला लागून फळी, फळीवर बटणांचे पत्र्याचे डबे. काळी बटणं, पांढरी बटणं, पितळी हूक. शेवटचे तीन डबे तिने खाली उतरवले.

"यात आहे सगळं."

डब्यात वापरून झालेल्या फवाऱ्यांच्या नळ्या होत्या. प्रत्येक नळीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, दुरुस्तीला आलेल्या कपड्याला टाचतात तशी. चिठ्ठीवर तारीख, वेळ, जागा, किती फवारे लागले, किती मिनिटांनी माणूस बोलला. आणि खाली, तो काय बोलला.

"हे कशाला लिहिलंत?"

"शिकवायला आलेल्या नर्सने सांगितलं होतं, पहिला शब्द किती मिनिटांनी आला ते लिहायचं. आता मिनिटं लिहायची तर शब्द का सोडायचा, म्हणून तोही लिहिला. चुकलं का?"

मी वाचायला लागले होते.

'डेपोचा संडास. दोन फवारे. चार मिनिटं. म्हणाला, माझी चप्पल कुठाय.'

'जिन्याखाली. एक फवारा. तीन मिनिटं. म्हणाली, बस गेली का?'

'पुलाजवळचा बाक. एक. शिव्या दिल्या. लिहीत नाही.'

'तिसरा मजला. दोन. सहा मिनिटं. फार भीती वाटली. मग म्हणाला, आई कुठे गेली.'

मी आयुष्यात हजारो जोडपत्रं वाचली. एकाही जोडपत्राने मला हसवलं नव्हतं, आणि रडवायचा तर प्रश्नच नव्हता. इथे मी दोन्ही करत होते आणि टेलरबाई शांतपणे बाही लावत होती. मी वही काढून मोजायला लागले. तारीखवार, जागावार. नावाची गरजच नव्हती. नळ्या होत्या, वेळा होत्या, आणि इतका पक्का हिशेब आमच्या खात्यातही कुणी ठेवत नसे. 'गरज' या रकान्यात काय लिहायचं ते मला दिसू लागलं. इतकी माणसं मरणाच्या दारातून परतली, म्हणून मृत्यू शून्य.

तिसऱ्या डब्यातली सातवी की आठवी चिठ्ठी होती. अकरा महिन्यांपूर्वीची तारीख.

'बागेची मागची बाजू. दोन फवारे. पाच मिनिटं. वय पन्नाशीच्या पुढे. म्हणाला, मी जागाच आहे ताई, एकोणतीसचा पाढा म्हणू? मग म्हणाला, ताईला सांगू नका.'

मी चिठ्ठी खाली ठेवली. परत उचलली.

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्याचा अभ्यास मीच घ्यायची. पाटीवर मान टाकून तो झोपायचा, मी टपली मारली की दचकून उठायचा आणि म्हणायचा, "मी जागाच आहे, ताई!" मग मी म्हणायची, "जागा आहेस ना? म्हण एकोणतीसचा पाढा." त्या पाढ्याचा त्याने इतका धसका घेतला होता की ताप आला तरी तो बरळायचा. छापखान्यात कागदाची रिळं उचलून त्याची पाठ गेली. मग गोळ्या सुरू झाल्या. त्याने मला सांगितलं की बंद केल्या, आणि मी विश्वास ठेवला. परक्यांच्या अर्जांत डोळ्यांत तेल घालून चुका शोधणारी मी, घरातलं माणूस 'सगळं ठीक' म्हणालं की पुढच्या पानावर जायची.

अकरा महिन्यांपूर्वी तो एका संध्याकाळी चिखलाने भरलेल्या पँटने घरी आला होता. "बागेत घसरलो," म्हणाला. मी त्याला पँटवरून बोलले होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

टेलरबाईने मशीन थांबवलं. "रिक्षाने घरी मीच सोडलं होतं त्यांना. दारावर तुमच्या नावाची पाटी होती. आणि परत आलेल्या अर्जाच्या पत्रावर सहीखाली तेच नाव टाइप केलेलं होतं."

"म्हणजे मंगळवारी तुम्ही माझ्यासमोर बसलात, मी तो शेरा वाचला, तेव्हाही तुम्ही..."

"त्यांना शब्द दिला होता, मॅडम."

"अहो, पण एका वाक्यात तुमचं काम झालं असतं! मी तुमच्या पाया पडून अर्ज भरला असता."

"म्हणूनच नाही बोलले," ती म्हणाली. "डबेही मला दाखवायचे नव्हते. पण पुरावा मागितलात, आणि त्यात नाव नव्हतं. तुम्ही ओळखाल असं नव्हतं वाटलं मला."

मला तिचे हात धरावेसे वाटले. एका हातात कात्री होती, म्हणून दुसरा धरला. काय बोलले ते नीट आठवत नाही. 'उपकार' हा शब्द मी दोन-तीनदा वापरला असेन, आणि तो दर वेळी अपुरा पडला. माझा भाऊ आज सकाळी चहात जास्त साखर टाकली म्हणून माझ्याशी भांडला होता. ते भांडण मला या बाईने दिलं होतं. मी तिचा अर्ज परत पाठवला, त्यानंतर तिने दारोदार फिरून वर्गणी जमवली, फवारे आणले, आणि त्यातले दोन माझ्या भावाच्या नाकात मारले.

पण रडायला वेळ नव्हता. साडेबारा झाले होते, आणि आता एक मोठीच अडचण उभी राहिली होती.

लहान संस्थेच्या अर्जाला साहाय्यकाची शिफारस लागते. शिफारशीसोबत घोषणापत्र. त्यातलं वाक्य मला पाठ होतं, कारण मसुदा मीच केला होता. 'अर्जदार संस्थेकडून मला अथवा माझ्या कुटुंबीयांना कोणताही लाभ मिळालेला नाही.' खाली सही. सही नसेल तर अर्ज बाद, तिथल्या तिथे.

टेलरबाईने वाक्य वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

सही ठोकली असती तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण 'लाभ मिळालेला नाही' असं लिहायचं म्हणजे काय? ते वाक्य मी कागदावर खरं ठरवलं असतं तर माझा भाऊ बागेमागे पडूनच राहिला होता, असा त्याचा अर्थ झाला असता. ते माझ्या हातून लिहून होईना. आणि खरं लिहायचं तर ती गोष्ट माझी नव्हती, त्याची होती.

मी रिक्षा केली आणि घरी गेले. धाकटा आरामखुर्चीत, पोटावर वर्तमानपत्र, मान एका बाजूला. रोज सकाळी दोन तास 'चालायला' जायचा, आणि पोट तसूभर कमी होत नव्हतं. त्या दोन तासांचा उलगडाही मला आता झाला होता. डेपोमागच्या त्या खोलीत सकाळी माणसं गोल करून बसतात आणि एकमेकांना धीर देतात, असं टेलरबाईने अर्जातच लिहिलं होतं.

"झोपलास?"

"छे, मी जागाच आहे."

"मग म्हण एकोणतीसचा पाढा."

तो हसला. "वेड लागलंय तुला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

तिथे थांबला. लहानपणीही तो चोकालाच अडकायचा, पण आता अडकला तो माझा चेहरा पाहून. वर्तमानपत्र घसरून खाली पडलं.

"तिने सांगितलं?"

"तिने नाही सांगितलं. तूच सांगितलंस. तिने नुसतं लिहून ठेवलं होतं."

त्याने वर्तमानपत्र उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाला, "तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती, ताई. तू एक चूक सोडत नाहीस."

एकतीस वर्षांत माझ्यावर कुणी इतका खरा शेरा मारला नव्हता. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस किती विरळ झाले होते! "जिवंत आहेस," मी म्हटलं. "मला दुसरं काही तपासायचं नाही." मग घोषणापत्राची भानगड सांगितली. "नाव नाही लिहीत. पण लिहू का? तू नको म्हणालास तर नाही लिहिणार."

"तू आत्ता काय लिहायचं ठरवलंयस?"

"'सख्खा धाकटा भाऊ' एवढंच."

"लिही," तो म्हणाला. "आणि 'लाभ' नको लिहूस. काय झालं ते सरळ लिही. नाहीतर तुझ्या ऑफिसातल्यांना वाटायचं, तिने मला फुकट पँट शिवून दिली."

तिथेच, जेवणाच्या टेबलावर, मी माझंच छापील वाक्य आडव्या रेघेने खोडलं. वर लिहिलं, 'या संस्थेने माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा जीव वाचवला आहे. मी त्यांची ऋणी आहे. तरीही, किंवा म्हणूनच, शिफारस करते.' खोडलेल्या जागी सही केली, तारीख घातली. पाचला सतरा मिनिटं असताना अर्ज खिडकीत दिला. सोबत तिन्ही डब्यांतल्या चिठ्ठ्यांच्या नकला, दोन वगळून: शिव्यांची, आणि जिच्यात माझा पाढा होता.

पुढचे सहा दिवस मी ते घोषणापत्रच मनात तपासत राहिले. अशा घोषणापत्राचं काय करतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी असते तर पाच सेकंदांत परत पाठवलं असतं. माझ्या खरेपणापायी त्या गल्लीला फवारे मिळाले नाहीत, तर टेलरबाईला मी कोणतं तोंड दाखवणार होते?

सातव्या दिवशी सकाळी फोन आला. माझ्या टेबलावर आता जो बसतो, तो. माझ्या हाताखाली तयार झालेला. तेव्हा त्याला मी 'घाईसाहेब' म्हणायची, कारण तो वाचण्याआधी शिक्का मारायचा.

"मॅडम, घोषणापत्रात खाडाखोड आहे."

"खाली सही आहे का?"

"आहे. तारीखही आहे."

"मग?"

"मग काय? तुम्हीच शिकवलंत, सही केलेली खाडाखोड ही त्रुटी धरायची नाही." तो थांबला. "पण हितसंबंध उघड झाला की दुसऱ्याने जागेवर जाऊन खातरजमा करायची, असं कलम आहे. म्हणून काल मी गेलो होतो."

"आणि?"

"अर्ध्या तासासाठी गेलो होतो, मॅडम. तीन तास बसलो. सगळे डबे वाचले. एकही चिठ्ठी सोडली नाही." पलीकडे घाईसाहेबाने एक कागद उलटला. "मंजूर केलाय. फवारे सोमवारी निघतील. आणि पुढच्या वर्षीच्या फॉर्मात एक रकाना वाढवा, असं मी वर लिहिलंय. वाचलेली माणसं."

मी त्याला 'शाबास' म्हटलं. नोकरीत असताना एकदाही म्हटलं नव्हतं, म्हणून तो गोंधळून फोन ठेवायचाच विसरला.

फवारे महिनाअखेरीच्या चार दिवस आधी पोचले. खोकी उघडायला धाकटा गेला होता, मीही गेले. टेलरबाईने कात्रीने चिकटपट्टी कापली, वरचा एक फवारा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. कसा धरायचा, मान किती मागे न्यायची, सगळं दाखवलं. मी दोनदा चुकले. तिने दोन्ही वेळा, न चिडता, पुन्हा दाखवलं.

"घरी ठेवा," ती म्हणाली. "लागला नाही तर उत्तम."

आता तो आमच्या घड्याळाखालच्या फळीवर असतो, धाकट्याला दिसेल असा. त्यानेच तिथे ठेवला. परवा दुपारी मी पुस्तक उघडं ठेवून खुर्चीत डुलक्या घेत होते, तेव्हा कुणीतरी माझा खांदा हलवला. जोरात, घाबरून हलवला.

"ताई! झोपलीस?"

"मी जागीच आहे."

त्याचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग तो खाली स्टुलावर बसला.

"जागी आहेस ना? म्हण. एकोणतीस चोक?"

"एकशे सोळा," मी म्हटलं.